एका पिसातला पारा नेमका कुठला?

चिखलवाट
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आहे, थोडं सविस्तर लिहिते.

पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणाऱ्या एका गटाबरोबर मी सहा वर्षं किनाऱ्यावर जाते. परवाना, जाळी, वजनकाटा सगळं गटाचं. माझं काम वही लिहायचं आणि पक्षी हातात धरून ठेवायचं. दोन हिवाळ्यांपूर्वी एका काळोख्या रात्री आमच्या जाळीत डनलिन आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तुतवाराच्या कुळातला, टोकाला किंचित खाली वळलेल्या चोचीचा, मुठीत मावणारा पक्षी. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. टॉर्चच्या उजेडात त्याच्या चोचीच्या मुळाशी ओला चिखल दिसत होता. म्हणजे पाच मिनिटांपूर्वी तो जेवत होता. बोटांना त्याचं हृदय धडधडताना नाही, थरथरताना जाणवतं, इतकं जलद.

गटप्रमुखांनी त्याच्या छातीवरची तीन पिसं घेतली, पाकिटात घातली, पाकिटावर कडीचा क्रमांक लिहिला आणि पक्षी सोडून दिला. पिसं प्रयोगशाळेत गेली. आता उत्तर आलंय: पारा, कोरड्या वजनावर, ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाच भाग) जरासा खाली.

त्या किनाऱ्यावर राहणारे एक आजोबा आम्हाला नेहमी भेटतात. मी त्यांना हे सांगितलं. ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या चिखलात विष आहे का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. हो म्हणावं तर कशाच्या आधारावर, नाही म्हणावं तर हा आकडा आला कुठून? डनलिन वर्षातले काही महिनेच आमच्याकडे असतो. मग हा पारा आमच्या चिखलाचा, तो जिथे घरटी करतो त्या उत्तरेकडच्या टुंड्राचा, की वाटेतल्या कुठल्या थांब्याचा? आणि ५ च्या खाली म्हणजे पक्षी बरा आहे असं समजायचं का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

रसायनी
सोमवार, रात्री १०:३५

चिखलवाटताई, प्रश्न अगदी नेमका आहे. मी प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या करते, पक्ष्यांमधली जाणकार नाही. पण पिसाच्या बाजूचं सांगू शकते.

पीस वाढत असतं तेव्हा त्याला रक्त मिळत असतं. रक्तातला पारा बहुतेक मिथाइल पारा या रूपात असतो आणि त्याला गंधकाची भारी ओढ. पीस केराटिन नावाच्या ज्या प्रथिनाचं बनतं त्यात गंधक भरपूर. त्यामुळे वाढत्या पिसात पारा जाऊन घट्ट बसतो. पीस पुरतं वाढलं की आतला रक्तपुरवठा बंद होतो, आणि तिथून पुढे त्यात ना नवीन पारा शिरतो, ना जुना बाहेर पडतो. म्हणजे तुमच्या पाकिटातला आकडा पक्षी जाळीत आला त्या रात्रीचा नाही. ते पीस ज्या दोन-तीन आठवड्यांत वाढलं, तेव्हा पक्ष्याच्या रक्तात जे होतं त्याचा आहे.

पक्ष्याच्या दृष्टीने ही सुटकेची वाटही आहे. पिसं झडून नवी येताना शरीरातल्या पाऱ्याचा मोठा हिस्सा, काही जातींत ७० ते ९० टक्के, पिसांत जाऊन बसतो.

अहवालात शिशाचाही आकडा आहे का? असेल तर पिसं आधी ॲसिटोन आणि शुद्ध पाण्यात धुतली होती का ते विचारा. पारा आतून येतो, पण शिसं हवेतून आणि गाळातून पिसाला बाहेरून चिकटतं. न धुतलेल्या पिसातलं शिसं म्हणजे निम्मी धूळ मोजल्यासारखं.

टिटवी_रात्रीची
सोमवार, रात्री १०:४१

म्हणजे पीस ही पावती आहे. तारीख आहे, दुकानाचं नाव खोडलंय.

चिखलवाट
सोमवार, रात्री १०:५८

@रसायनी, अहवालात शिसंही आहे. धुतलं होतं का ते उद्याच विचारते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

@टिटवी, नेमकं हेच! दुकान शोधायचंय.

गाळ_आणि_गोष्टी
मंगळवार, सकाळी ७:१५

धागा वाचून राहवलं नाही. माझं आयुष्य गाळात गेलं (शब्दशः, भरती-ओहोटीच्या गाळाचे थर मोजण्यात), म्हणून त्या बाजूने थोडं.

पारा नुसता पडून असला तर तितका घातक नाही. खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर तपकिरी असतो, पण बोट खुपसलं की काळा चिखल लागतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. त्या काळ्या थरात ऑक्सिजन नसतो. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात आणि तेच साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. हा मिथाइल पारा जिवाच्या प्रथिनांना चिकटतो आणि खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जाताना साठत, वाढत जातो. किड्यात थोडा, किडे खाणाऱ्या माशात जास्त, मासे खाणाऱ्या पक्ष्यात त्याहून जास्त. त्यामुळेच पाऱ्याच्या बाबतीत बगळे आणि कुरव हे डनलिनपेक्षा सहसा वरच्या पायरीवर असतात.

पण शिशाची गोष्ट निराळी आहे, आणि किनारपक्ष्यांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची. शिसं असं पायरीपायरीने वाढत नाही. मग ते पक्ष्यात इतकं कसं येतं? चिखल खाल्ल्यामुळे! किडा चिखलासकट पोटात जातो. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वन्यप्राण्यांच्या विष्ठेवरून पोटात जाणाऱ्या मातीचा हिशोब मांडला होता. त्यात सेमिपाल्मेटेड सँडपायपर या चिमुकल्या तुतवाराच्या आहारात सुमारे ३० टक्के निव्वळ गाळ निघाला. वेस्टर्न सँडपायपरमध्ये १८ टक्के. दहा घास घेतले तर दोन-तीन घास चिखलच!

शिवाय वेस्टर्न सँडपायपर आणि डनलिन यांच्या जिभेच्या टोकाला केसांसारखे तंतू असतात, त्यांनी ते चिखलावरची चिकट साय खरवडून खातात. ती साय म्हणजे सूक्ष्म शेवाळ, जिवाणू आणि त्यांनी सोडलेला चिकटा. धातूही त्याच चिकट्यात अडकतात. तेव्हा "हा पक्षी काय खातो" याचं उत्तर नुसतं "किडे" असं देऊन भागत नाही.

मावशी_अंगणातली
मंगळवार, सकाळी ८:०२

गाळरावांचा प्रतिसाद दोनदा वाचला. चिखलाची साय! इतकी वर्षं हे पक्षी पाहते, चोच चिखलात टोचतात एवढंच माहीत होतं. धन्यवाद.

शंकासूर
मंगळवार, सकाळी ११:२०

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

पारा काही माणसाने निर्माण केला नाही. ज्वालामुखीतून येतो, खडकातून येतो. पक्षी लाखो वर्षं त्याच्याबरोबर जगत आलेत. शरीरात धातू सापडला म्हणजे पक्षी आजारी असं धरून चालणं बरोबर नाही.

आणि दुसरं, याहून मोठं संकट डोळ्यांसमोर असताना आपण पिसं मोजत बसतो. चीन आणि कोरियामधल्या यलो सीच्या काठची भरती-ओहोटीची मैदानं बघा. गेल्या पन्नास वर्षांत तिथली जवळजवळ दोन-तृतीयांश मैदानं गेली, भर घालून किंवा बांध घालून. पूर्व आशियातून जाणाऱ्या लाखो किनारपक्ष्यांचा तो मुख्य थांबा. जागाच नाही उरली तर पारा ५ आहे की ३, काय फरक पडतो?

रसायनी
मंगळवार, दुपारी १:०५

@शंकासूर, राग कशाला? पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. पारा निसर्गात होताच. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार माणसाच्या उद्योगांमुळे हवेतला पारा नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे ४५० टक्क्यांनी वाढलाय. सगळ्यात मोठा स्रोत छोट्या प्रमाणावर सोनं काढण्याचा धंदा, त्याच्यानंतर कोळसा. हवेत गेलेला पारा महिनोन्महिने फिरतो आणि जिथे एकही कारखाना नाही अशा टुंड्रावरही उतरतो. लाखो वर्षांची सवय या वेगाला पुरत नाही.

"सापडला म्हणजे आजारी" असं नाही, हे मात्र पूर्ण मान्य. आकड्यांवरून धावत निष्कर्ष काढणारे लेख वाचून मलाही त्रास होतो.

ओला_पंख
मंगळवार, रात्री ९:१२

शंकासूर यांचा दुसरा मुद्दा मला वेगळा वाटतच नाही. जागा जाणं आणि पारा, दोन्ही एकाच पक्ष्याच्या अंगात येऊन भेटतात.

लांब उड्डाणाआधी किनारपक्षी चरबी साठवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते नुसती चरबी जाळत नाहीत. उडताना स्नायू, आतडी, यकृतसुद्धा थोडं थोडं जाळतात. ग्रेट नॉट हा पक्षी ऑस्ट्रेलियातून चीनला पोहोचतो तेव्हा त्याचे बरेचसे अवयव आकसलेले असतात, हे मोजलेलं आहे. मिथाइल पारा चरबीत नसतो, प्रथिनांत असतो. म्हणजे स्नायू जळायला लागला की त्यात बसलेला पारा पुन्हा रक्तात! ज्या क्षणी पक्ष्याला सगळी ताकद हवी, नेमका त्याच क्षणी.

२०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या किनारपक्ष्याचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेलं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस. त्या ११ दिवसांत त्याने अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, फक्त स्वतःलाच खाल्लं. थांब्याची जागा कमी झाली की पक्षी कमी चरबीवर निघतो. चरबी संपली की स्नायूवर येतो. म्हणून मी म्हणते, ही दोन संकटं वेगळी मोजता येत नाहीत.

पारा दिल्याने उड्डाण बिघडतं हे कॅनडात वॉर्ब्लर या छोट्या पक्ष्यांवर वाऱ्याच्या बोगद्यात तपासलंय, २०१८ मध्ये. पारा असलेलं अन्न खाल्लेले पक्षी कमी वेळ उडाले. किनारपक्षी नव्हेत ते, पण पंख हलवायला लागणारा स्नायू तोच.

शंकासूर
मंगळवार, रात्री १०:३०

हे मला माहीत नव्हतं. स्नायू जळतो तेव्हा पारा बाहेर येतो, हा मुद्दा पटला. जागेचा प्रश्न आधी, या माझ्या मतावर मी ठाम आहे, पण "काय फरक पडतो" हे वाक्य मागे घेतो.

टिटवी_रात्रीची
मंगळवार, रात्री १०:३३

शंकासूर, इतक्या मोकळेपणाने वाक्य मागे घेतलंत, मनापासून +१

पशुवैद्य_किनारा
बुधवार, पहाटे ५:४०

रात्रपाळी संपवून लिहितोय. शिशाने आजारी पडलेला पक्षी कसा दिसतो हे सांगावंसं वाटलं, कारण चर्चा आकड्यांत चालली आहे.

माझ्याकडे एकदा एक पाणलावा आणला होता. सापडला तेव्हा उडत नव्हता म्हणून "पंख मोडलाय" असं सांगून दिला. पंख शाबूत होते, नुसते लोंबत होते. छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं. शेपटीखालची पिसं हिरव्या विष्ठेने माखलेली. पोट मात्र रिकामं नव्हतं, कारण अन्न पुढे सरकतच नव्हतं. एक्स-रे काढला तर पोटात दोन पांढरे ठिपके, छर्रे. पक्ष्यांना दात नसतात, दळण्यासाठी ते खडे गिळतात. शिशाचा छर्रा त्यांना खडाच वाटतो. मग पोटाचं जातं तो छर्रा झिजवत राहतं आणि आम्लात शिसं विरघळत राहतं.

कॅल्शियम ईडीटीए टोचलं. ते रक्तातलं शिसं धरून मूत्रपिंडावाटे बाहेर काढतं. तिसऱ्या दिवशी त्याने मान सरळ धरली. मला वाटलं जगला. पाचव्या दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चोच पाठीत खुपसून बसला होता, झोपल्यासारखा. गेला होता. उपचार उशिरा सुरू झाले, ही खंत आजही आहे. आणणाऱ्याने तो आठवडाभर घरी खोक्यात ठेवला होता.

शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून हाडात जाऊन बसतं. रक्तात ते थोडेच आठवडे दिसतं, हाडात वर्षानुवर्षं. त्यामुळे रक्त तपासलं तर अलीकडचं कळतं, हाड तपासलं तर जन्मभराचं. अंडी घालताना मादी हाडातलं कॅल्शियम वापरते, तेव्हा तिथलं शिसंही सुटतं. कॅडमियम या आणखी एका धातूचं घर मूत्रपिंड. पीस हा त्यातला फक्त एक साक्षीदार आहे.

मावशी_अंगणातली
बुधवार, सकाळी ८:१०

डॉक्टर, पाणलाव्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही हात राखला नाहीत एवढं नक्की.

छर्ऱ्यांवर बंदी नाही का कुठे?

पशुवैद्य_किनारा
बुधवार, सकाळी ८:५५

आहे, मावशी. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद. डेन्मार्कने १९९६ मध्ये सरसकट बंद केले. युरोपीय संघाने पाणथळ जागांपुरती बंदी फेब्रुवारी २०२३ पासून लागू केली. पण जे छर्रे आधीच चिखलात पडलेत ते तिथेच आहेत, आणि पक्षी तिथेच चरतात.

गाळ_आणि_गोष्टी
बुधवार, सकाळी ९:३०

एक्स-रेचा विषय निघाला म्हणून: एक घटना अशी आहे जिथे एक्स-रेत काहीच दिसलं नसतं. या धाग्यात ती यायलाच हवी.

१९७९ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या मर्सी नदीच्या मुखाशी किनारपक्षी मरायला लागले. दोन हजारांहून जास्त मेलेले आणि मरणपंथाला लागलेले पक्षी सापडले. त्यात डनलिन होते, कुरव होते, बदकंही होती. पक्षी धडपडत होते, मान थरथरत होती, उडता येत नव्हतं. छर्रा नव्हता, रोग नव्हता. यकृतात शिसं सापडलं, पण नेहमीचं नाही: अल्किल शिसं, म्हणजे पेट्रोलमध्ये घालण्यासाठी बनवत ते. काठावरच्या पेट्रोल-मिश्रण कारखान्याचं सांडपाणी नदीत येत होतं. चिखलातल्या छोट्या शिंपल्यांत आणि किड्यांत ते साठलं, आणि डनलिन तेच खात होते.

हे सांगायचं कारण असं की त्या शिंपल्या आणि ते किडे मेले नव्हते. चिखल वरून ठणठणीत दिसत होता. पक्षी मरेपर्यंत नदीने काही दाखवलंच नाही.

पेट्रोलमधलं शिसं जगातून जायला पुढे २०२१ उजाडलं. अल्जीरिया शेवटचा देश.

चिखलवाट
बुधवार, दुपारी २:१०

मर्सीचं वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. आमच्या वहीत "चिखल: चांगला, किडे भरपूर" अशी नोंद असते. किडे भरपूर म्हणजे चिखल चांगला, असं मी सरळ धरत आले.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं: पिसं धुतली नव्हती. म्हणजे शिशाचा आकडा बाजूला ठेवला. पाऱ्याचा मात्र धरायचा, बरोबर ना?

रसायनी
बुधवार, दुपारी २:४०

बरोबर. पाऱ्यावर धुण्याचा फारसा परिणाम होत नाही. शिशाच्या आकड्याखाली पेनाने "न धुतलेलं" असं लिहून ठेवा, फाडून टाकू नका. पुढे कुणी तुलना करेल तर कळायला हवं.

मावशी_अंगणातली
बुधवार, सायंकाळी ५:२५

एक साधा प्रश्न. जड धातूंच्या याद्यांमध्ये सेलेनियमही दिसतं. ते तर शरीराला लागतं ना? मग ते जड धातू कसं?

रसायनी
बुधवार, सायंकाळी ६:००

मावशी, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सेलेनियम धातू नाहीच, आर्सेनिकही खरं तर अर्धधातू. "जड धातू" हा शब्दच इतका सैल आहे की रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ च्या एका लेखात त्याला निरर्थक म्हटलंय. तरी रूढ झालाय, म्हणून आम्ही सगळे वापरतो.

लागतं, पण थोडंच. आणि लागणं व घातक होणं यात अंतर फार कमी. कॅलिफोर्नियातलं केस्टरसन जलाशय याचं उदाहरण. सॅन वाकीन खोऱ्यातल्या शेतांखालचं निचऱ्याचं पाणी तिथे आणून सोडत. त्या मातीत सेलेनियम होतं. १९८३ मध्ये घरट्यांत डोळे नसलेली, चोच वाकडी, पाय नसलेली पिल्लं सापडली. त्यात शेकाट्याच्या जवळच्या नात्यातला काळ्या मानेचा स्टिल्ट होता, ॲव्होसेट होता.

चिखलवाटताई, आता तुमच्या "५ च्या खाली म्हणजे बरा का" याकडे येते, कारण उत्तर केस्टरसनमध्येच आहे. स्टिल्ट आणि ॲव्होसेट एकाच कुळातले, एकाच तळ्यात चरणारे. तरी सेलेनियमने स्टिल्टची अंडी कितीतरी जास्त बिघडली, ॲव्होसेटने बरंच सोसलं. पिसातल्या पाऱ्यासाठी ५ पीपीएम ही पिल्लावळीवर परिणाम सुरू होण्याची खूण म्हणून वापरतात. ती मोजक्या जातींवरून आली आहे. डनलिन स्टिल्टसारखा हळवा आहे की ॲव्होसेटसारखा सोशिक, हे ती खूण सांगत नाही. ४.९ ला निश्चिंत आणि ५.१ ला घाबरलेले, असं कृपया कुणी होऊ नये.

उलट एक दिलाशाची गोष्टही आहे. सेलेनियम पाऱ्याला धरून ठेवतं. समुद्रपक्ष्यांच्या यकृतात दोन्ही एकत्र बांधलेले सापडतात आणि तेवढा पारा निरुपद्रवी होतो. म्हणून दोन्ही एकत्र मोजलेले बरे.

जुनी_पिसं
बुधवार, रात्री ११:४५

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी पक्ष्यांच्या जुन्या नमुन्यांचं जतन करते. लाकडी खण, कापूस भरलेले पक्षी, पायाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी.

माझ्याकडे लोक येतात, "शंभर वर्षांपूर्वीच्या पिसातला पारा मोजू द्या, म्हणजे वाढ कळेल." कल्पना सुरेख आहे. पण जुन्या काळी कातडी किडू नये म्हणून तिला मर्क्युरिक क्लोराइड आणि आर्सेनिक चोळत. म्हणजे पारा पक्ष्याने खाल्लेला की आमच्या पूर्वसुरींनी चोळलेला? सुटका एवढीच की चोळलेला पारा साधा असतो आणि खाल्लेला मिथाइल. फक्त मिथाइल पारा मोजला तर जुनं पीस खरं बोलतं. एकूण पारा मोजला तर फसवतं.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल, ज्यासाठी मुळात लॉगिन केलं. दुकानाचं नाव काही वेळा वाचता येतं! त्यासाठी दोन गोष्टी लागतात: पीस अंगावरचं कुठलं आणि पक्षी कुठल्या उपजातीचा.

युरोपात येणारा डनलिन प्रजनन आटोपून दक्षिणेकडे येतो आणि बरेचसे पक्षी वॉडन समुद्रासारख्या (नेदरलँड्स ते डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र) थांब्यावर पोहोचल्यावर पंखांची मोठी पिसं बदलतात. अलास्कातला डनलिन मात्र ती टुंड्रावरच, निघण्याआधी बदलतो. जात एक, पीस एक, पण एकाच्या पिसात खाडीचा हिशोब आणि दुसऱ्याच्या पिसात टुंड्राचा! छातीच्या पिसांचंही तसंच. उन्हाळी काळं पोट वसंतात, बहुतेक उत्तरेला जाण्याआधी किंवा वाटेत येतं. राखाडी-पांढरी पिसं शरदात. तुमची पिसं राखाडी होती की काळी छटा असलेली, हे वहीत आहे का?

आणि अंडं आणखी वेगळी गोष्ट सांगतं. पूर्वी वाटायचं की उत्तरेला जाणाऱ्या माद्या अंड्यांचा माल दक्षिणेतूनच अंगावर बांधून नेतात. पिल्लांच्या पहिल्या लवीतलं कार्बन तपासलं (अन्न कुठलं ते त्याच्या प्रकारावरून कळतं) तेव्हा कळलं की आर्क्टिकमधले किनारपक्षी अंडी टुंड्रावरच्या अन्नातूनच बनवतात. म्हणजे त्यांच्या अंड्यातला पारा मुख्यतः तिथलाच.

टिटवी_रात्रीची
गुरुवार, सकाळी ६:५०

जुनी_पिसं, इतके दिवस गप्प का होतात तुम्ही! वाचनखूण साठवली.

ओला_पंख
गुरुवार, सकाळी १०:०५

अंड्यावरून आठवलं. वॉडन समुद्राकाठी १९८० च्या दशकापासून ऑयस्टरकॅचर आणि कॉमन टर्न या पक्ष्यांची अंडी दरवर्षी ठराविक जागांवरून घेऊन तपासतात. ऑयस्टरकॅचर जागा सोडून फार हलत नाही, म्हणून त्याचं अंडं त्या त्या काठाबद्दल बोलतं. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या मुखाशी पाऱ्याचे आकडे सगळ्यात वर होते. जर्मनीचं एकीकरण झालं, नदीच्या वरच्या अंगाचे जुने कारखाने बंद पडले किंवा सुधारले, आणि अंड्यांतला पारा खाली आला. शंकासूर, हे खास तुमच्यासाठी: मोजत बसण्याचा असाही उपयोग होतो. नदी सुधारतेय का हे पक्ष्याच्या अंड्याने सांगितलं.

शंकासूर
गुरुवार, सकाळी ११:४०

वाचलं. मनापासून आवडलं. पण मग चिखलवाटताईंच्या आजोबांना उत्तर द्यायचं तर फिरत्या डनलिनला का विचारायचं? तिथेच राहणाऱ्या, तिथेच घरटं करणाऱ्या पक्ष्याला विचारा. किंवा सरळ चिखलाला.

गाळ_आणि_गोष्टी
गुरुवार, दुपारी १२:१५

शंकासूर यांना शंभर टक्के अनुमोदन. चिखल, त्याच चिखलातला किडा आणि पक्ष्याचं रक्त, तिन्ही एकाच जागचे, एकाच आठवड्यातले हवेत. रक्तात गेल्या काही आठवड्यांतलं खाणं दिसतं, म्हणून हिवाळ्याच्या मध्यावर घेतलेलं रक्त बहुतांशी तुमच्याच किनाऱ्याचं. पीस त्याच्या जोडीला, आधी काय झालं ते सांगायला.

चिखलवाट
शुक्रवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री वही उघडून बसले होते.

नोंद सापडली. माझ्याच अक्षरात: "छाती, पांढरी, टोकं ताजी, दोन पिसं अजून आवरणात." आवरणात म्हणजे पीस अजून वाढत होतं! तिघांपैकी दोन पिसं त्या रात्री पूर्ण उलगडलेलीच नव्हती. तेव्हा मी ते नुसतं शिस्त म्हणून लिहिलं होतं. म्हणजे ती दोन पिसं इथेच, आमच्याच चिखलावर चरताना येत होती. तिसऱ्याचं सांगता येत नाही, आणि प्रयोगशाळेने तिन्ही एकत्र विरघळवली. त्यामुळे आकडा पूर्ण आमचा नाही, पण आमचा नाहीच असंही नाही.

आज संध्याकाळी आजोबांकडे गेले. त्यांना हेच सांगितलं: काही भाग इथला असावा, किती ते एका पक्ष्यावरून कळत नाही, आणि कळून घ्यायचं तर चिखल आणि किडे तपासावे लागतील. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चिखल कुठला घ्यायचा ते मी दाखवतो. जुना नाला जिथे मिळायचा ती जागा आता दिसत नाही, पण मला माहीत आहे."

येत्या अमावास्येच्या ओहोटीला आम्ही जातोय. गटप्रमुखांनी होकार दिलाय. रक्त घेण्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो अर्ज केला. तोवर गाळ आणि किडे.

गाळ_आणि_गोष्टी
शुक्रवार, रात्री ९:४५

वा! नाल्याची जुनी जागा माहीत असलेला माणूस मिळणं म्हणजे अर्धं काम झालं. वरचा एक सेंटिमीटर वेगळा घ्या, खालचा काळा थर वेगळा. पक्षी वरचा खातात, पण खालचा काय सांगतो तेही पाहू. नाल्यापासून दूर, स्वच्छ वाटणाऱ्या जागेचाही एक नमुना घ्या, तुलनेला.

पशुवैद्य_किनारा
शुक्रवार, रात्री १०:०२

अंधारात एखादा पक्षी पंख लोंबकळलेला दिसला तर पंख मोडलाय असं समजू नका. खोक्यात, काळोखात, उबेत ठेवा आणि त्याच रात्री फोन करा.

जुनी_पिसं
शुक्रवार, रात्री १०:३०

आणि पिसं यापुढे एकेक वेगळ्या पाकिटात. आवरणातलं वेगळं, जुनं वेगळं. पाकिटावर नुसता कडीचा क्रमांक नको, "छाती, डावी, वाढतं" असं लिहा. शंभर वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखी ते वाचेल.

रसायनी
शुक्रवार, रात्री ११:१०

चिखल उचलायला धातूचा चमचा नको, ताई. लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. बाटल्या धुऊन मी पाठवते, पत्ता निरोपात कळवा.